लोक मीटिंगला येत नाहीत, का त्यांच्यासाठी ठरवायला काही उरलेलंच नसतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पुण्यातल्या एका वस्तीत तुमची संस्था सीएसआरच्या (कंपन्या समाजकार्यासाठी देतात त्या) पैशातून आरोग्य केंद्र सुरू करतेय. पैसे देणाऱ्यांनी अट घातलीये की वस्तीतल्या लोकांना, त्यातही कचरावेचक बायका, भटके-विमुक्त, भाड्याने राहणारे मजूर यांना निर्णयात सामील करून घ्या. तुम्ही तीन मीटिंगा घेतल्या, पहिलीला ४० जण आले, दुसरीला पंधरा-वीस, तिसरीला ६, आणि जे आले ते प्रत्येक गोष्टीला "चालेल की" म्हणाले. आता तुम्ही विचारताय की लोकांना इंटरेस्टच नसेल तर सहभाग आणायचा कुठून.

मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम गेली २३ वर्षं करतेय, आधी सर्व्हे करणारी म्हणून, मग आशा ताईंच्या, म्हणजे वस्तीतल्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्यांच्या ट्रेनिंगमध्ये, आता तीन-चार संस्थांबरोबर. तेवढ्या अनुभवावरून सांगते, इंटरेस्ट नसलेली वस्ती मला अजून भेटलेली नाही. नळाला पाणी किती वाजता येणार यावर मध्यरात्रीपर्यंत चर्चा करणारी माणसं दवाखान्याच्या बाबतीत गप्प बसतात तेव्हा त्या गप्प बसण्याला काहीतरी कारण असतं. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न उपस्थितीचा नाहीये. तुमच्या मीटिंगमध्ये ठरवायला काही शिल्लक होतं का, हा आहे.

मला हे एका मावशींनी शिकवलं. एका ट्रस्टसाठी आम्ही वस्तीत ओपीडी सुरू करणार होतो, समाजमंदिरात सकाळी ११ ला मीटिंग, भिंतीला चार्ट, चहा-बिस्किटं, सगळं व्यवस्थित. लोकांनी ऐकलं, माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या, गेले. माझ्याबरोबर सतरंजी घडी घालायला एक कचरावेचक मावशी थांबल्या होत्या. सतरंजीची दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या, आणि घडी जुळवता जुळवता त्या म्हणाल्या, "पोरी, डॉक्टर कोण, टाइम काय, खोली कुठली, सगळं तुझ्या कागदावर आधीच लिवलेलं होतं. आम्हाला काय विचारलंस, तर आवडलं का. पाहुण्याच्या घरी जेवल्यावर वाईट झालं म्हणतं का कोणी?"

घरी जाऊन मी तो कागद काढला. खरंच सगळं लिहिलेलं होतं. उद्घाटनाला कोणाला बोलवायचं एवढी एकच ओळ मोकळी होती. त्यांचा "चालेल की" हा सभ्यपणा होता आणि मी तो संमती म्हणून मिनिट्समध्ये लिहून टाकला होता.

तेव्हापासून मी एक गोष्ट कधीच चुकवत नाही. वस्तीत पाऊल टाकायच्या आधी ऑफिसात बसून, साहेब आणि फंड देणाऱ्यांचा माणूस समोर ठेवून, एका कागदावर तीन रकाने करते. पहिल्यात जे ठरलंय आणि आता बदलणार नाही ते, दुसऱ्यात जे खरंच लोक ठरवतील ते, आणि तिसऱ्यात लोक नको म्हणाले तर आपण थांबू अशा गोष्टी. तिसऱ्या रकान्यावर ऑफिसात नेहमी भांडण होतं, होऊ द्या, ते भांडण ऑफिसात झालेलं बरं. मग पहिल्या मीटिंगला पहिला रकाना मोठ्याने वाचून दाखवते: बजेट एवढंच आहे, तीन वर्षांनी पैसे थांबू शकतात, डॉक्टर एकच मिळणार, सोनोग्राफी इथे होणार नाही. लोकांना वाईट वाटत नाही. उलट, खोटं सांगत नाहीये म्हटल्यावर दुसऱ्या रकान्यावर ते जिवंत होतात. आणि समजा तुमच्या फंडरने सगळंच पहिल्या रकान्यात टाकलं असेल तर मीटिंग जरूर घ्या पण तिला माहितीची मीटिंग म्हणा, सहभाग म्हणू नका. ज्यांना आयुष्यभर फसवलं गेलंय त्यांना आणखी एक जण येऊन फसवून गेला एवढाच हिशोब राहतो, आणि तुमच्या नंतर येणाऱ्याला दारात उभं करत नाहीत.

पुण्यात तर हे विसरूच नये. १८९७ च्या प्लेगमध्ये इथे इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग कमिटीने लोकांना न विचारता गोरे सोल्जर घराघरात घुसवले, सामान बाहेर काढलं, रोगी उचलून नेले. हेतू साथ आटोक्यात आणायचा होता, पण पद्धत अशी की लोक आजारी माणूस लपवायला लागले, आणि पुढे २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्याच साथीत हडपसरजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी दवाखाना उघडला, सावित्रीबाई स्वतः वस्त्यांमधून रोगी आणत होत्या, आणि त्यातच १० मार्च १८९७ ला गेल्या. रोग तोच होता, गावही तेच. एकीकडे लोक रोगी लपवत होते, दुसरीकडे रोगी हाताने सोपवत होते. मी नवीन मुलामुलींच्या ट्रेनिंगची सुरुवात इथूनच करते.

आता वेळेचं उदाहरण सविस्तर सांगते, कारण तुमच्या केंद्राचं पहिलं भांडण यावरूनच होणार आहे. त्या ट्रस्टच्या ओपीडीची वेळ ९ ते १ होती. आमच्या वस्तीतल्या कचरावेचक बायका पहाटे उठून सहा-साडेसहाला बाहेर पडतात, दारोदार कचरा गोळा करतात, मग शेडमध्ये बसून ओला-सुका, प्लास्टिक, काच वेगळं करत दोन-अडीच होतात. घरकामवाल्या बायका दुपारी एकला एका घरून दुसऱ्या घरी चाललेल्या असतात. म्हणजे ९ ते १ मध्ये येणार कोण, म्हातारी माणसं आणि शाळा बुडवलेली पोरं. आम्हाला वाटलं सोपं आहे, संध्याकाळी ७ ते ९ ठेवू, कामावरून आले की येतील. पण यावेळी ठरवलं की विचारायचं, आणि तोंडी विचारायचं नाही.

शेडच्या बाहेर जमिनीवर खडूने सहा चौकोन काढले, प्रत्येकात सूर्य कुठे असतो त्याचं चित्र आणि खाली वेळ. बायकांना दिले चिंचोके, पुरुषांना दिले खडे. प्रत्येकाला पाच. सगळे एकाच चौकोनात टाका किंवा वाटून टाका. पुरुषांचे खडे जवळजवळ सगळे सात ते नऊमध्ये पडले. बायकांचे चिंचोके पडले तीन ते पाचमध्ये, अगदी ढीग. सातच्या चौकोनात मोजून चार चिंचोके. मी विचारलं असं का, तर एक बाई हसून म्हणाली, "ताई, पाणी साडेपाचला येतं." एवढंच. पाणी भरायचं, मग स्वयंपाक, मग नवरा घरी, पोरांचा अभ्यास, सातला बाई घराबाहेर पडली तर घरी जाब द्यावा लागतो. हे कुठल्याही सर्व्हे फॉर्ममध्ये आलं नव्हतं, कारण फॉर्ममध्ये "ओपीडीची सोयीची वेळ" म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीनच पर्याय होते.

आणि लक्षात घ्या, चिंचोके आणि खडे वेगळे ठेवले नसते तर बेरीज करून सात ते नऊच जिंकलं असतं, सगळं लोकशाही पद्धतीने, आणि बायका परत बाहेरच राहिल्या असत्या. शेवटी तीन दिवस तीन ते पाच आणि दोन दिवस सात ते नऊ असं ठरलं. डॉक्टर कुरकुरले, मग तयार झाले.

यावरून दुसऱ्या मुद्द्यावर येते. "वंचित समाज" असा एकसंध समाज वस्तीत नसतो. वस्तीत पुढची गल्ली असते आणि मागची असते. पुढच्या गल्लीत पत्र्याच्या जागी स्लॅब आलेला असतो, सेवाशुल्काची पावती असते, रेशनकार्ड असतं, बचत गट असतो, माजी नगरसेवकांशी ओळख असते. मागे भाडेकरू असतात, ज्यांच्याकडे त्या पत्त्याचा एकही कागद नसतो. त्याच्या मागे नाल्याच्या कडेला आणखी कोणी असतं. तुम्ही समाजमंदिरात मीटिंग बोलावली की पुढची गल्ली येते, आणि तिथून जे निघतं त्याला आपण वस्तीचं मत म्हणतो.

माझ्याकडून ही चूक झालेली आहे आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये आलं, त्यात साधारण ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते, समितीला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी असतो, तो कशावर खर्च करायचा ते बायकांनीच ठरवायचं. कागदावर फार चांगली तरतूद आहे. मी एका दुपारी एका मीटिंगमध्ये १२ बायकांची समिती बनवून मोकळी झाले, सगळ्या हुशार, बोलक्या, आणि सगळ्या एकाच गल्लीतल्या. पुढे गोवराची साथ आली तेव्हा नाल्यापलीकडच्या झोपड्यांमधली दोन लेकरं तापाने फणफणलेली सापडली, आणि तेव्हा कळलं की त्या तीसेक झोपड्या कुठल्याच यादीत नव्हत्या. समितीतल्या बायकांना त्या दिसत होत्या, पण "ते आपल्यातले नाहीत" हे इतकं पक्कं डोक्यात होतं की सांगायचं कोणाला सुचलंही नाही. मी विचारलंही नव्हतं. लेकरं वाचली. माझ्या मनातून ती दुपार गेलेली नाही.

त्या झोपड्यांमध्ये यादी करायला गेलो तर माणसं नाव सांगेनात. एक म्हातारबा सरळ म्हणाले, "नाव कशाला पायजे?" त्यांचा समाज विमुक्तांपैकी. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं, हजेरी लावायला लागायची, तो कायदा १९५२ ला गेला पण वही-पेन घेऊन येणारा माणूस म्हणजे चौकीचा माणूस ही भीती नातवंडांपर्यंत उतरलेली आहे. मग आम्ही वह्या ठेवून दिल्या. रांगोळी आणली आणि बायकांना म्हटलं तुमची वस्ती काढा. त्यांनी झोपड्या काढल्या, झाड काढलं, नळ काढला. नळाला पोचायला किती लांबून वळसा घालून जावं लागतं ते काढताना एक बाई थांबली आणि म्हणाली इथून गेलं तर जवळ आहे, पण तिथून आम्हाला जाऊ देत नाहीत. एकाही नावाशिवाय आम्हाला हवं ते सगळं, आणि नको असलेलंही, जमिनीवर उमटलं. नावं नंतर आली, लस टोचून झाल्यावर, त्यांनी स्वतः सांगितली.

म्हणून माझी पद्धत आता अशी की सगळ्यांची एकत्र मीटिंग सर्वात शेवटी. आधी मागच्या गल्लीत, त्यांच्या जागेवर, त्यांच्या वेळेला. त्यांचे मुद्दे त्यांच्याच तोंडून पक्के करून घ्यायचे, आणि एकत्र मीटिंगच्या आदल्या दिवशी तालीम करायची. हो, खरीखुरी तालीम, कोण बोलणार, मध्येच कोणी दरडावलं तर दुसरी काय म्हणणार. कमिटीत घेताना एका गटाची एकच बाई कधीही घेऊ नका. एकटी बाई दहा जणींसमोर गप्प बसते आणि आपण म्हणतो प्रतिनिधित्व दिलं होतं. किमान दोन घ्या, शेजारी शेजारी बसू द्या.

आता पैशाचं. यावर मतभेद आहेत, माझं मत स्पष्ट आहे. रोजावर जगणाऱ्या माणसाला दोन तास बोलावलं तर त्याचा रोज बुडतो, घरकामवालीचा खाडा पडतो आणि खाडे जास्त झाले की काम जातं. त्याच मीटिंगला बसलेल्या कन्सल्टंटला आपण मानधन देतो, गाडीभाडं देतो, आणि वस्तीच्या अनुभवाबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांना वडापाव. मी प्रोजेक्टच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून "वस्ती सल्लागार मानधन" अशी ओळ टाकते, बुडालेल्या रोजाएवढी. लोक म्हणतात पैशासाठी येतील. येऊ देत, डॉक्टरही पगारासाठीच येतात की. पण हे परिस्थितीवर आहे, सरकारी समितीत अशी तरतूद नसते, तिथे मग मीटिंग लोकांच्या रोजाच्या वेळेबाहेर घेणं एवढंच हातात राहतं, म्हणजे मजूर अड्ड्यावर सकाळी काम मिळायच्या आधीची ती पाऊण तासाची वेळ, किंवा शेडमध्ये काम चालू असताना तुम्ही जाऊन बसणं, हात चालू ठेवून त्या बोलतात.

तुम्ही असंही विचारलंय की शिक्षण नसलेल्या लोकांना वैद्यकीय गोष्टी काय कळणार. सरळ उत्तर देते. टीबीला कुठली औषधं किती महिने हे मतदानाने ठरत नाही, ठरूही नये. पण ती औषधं कुठे मिळणार, घरी आणून दिली तर घरमालकाला कळून तो खोली खाली करायला लावेल का, कामावरच्या शेडजवळ दिली तर मुकादम काढून टाकेल का, हे डॉक्टरला कळत नाही, पेशंटला कळतं, आणि कोर्स अर्धवट सुटायला खूपदा हीच कारणं असतात. तसंच पेशंट म्हणून स्वतःच्या शरीराचा निर्णय. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ ला विधिमंडळापर्यंत गेला, समिती नेमावी लागली. आपल्या पुण्यातल्या वस्त्यांमध्येही मी तिशी-पस्तिशीच्या बायकांकडून "डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाक, झंझट मिटेल" हे ऐकलंय, दुसरा उपाय काय होता हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या केंद्रात ऑपरेशनचा सल्ला दिला की "दुसरा इलाज काय, नाही केलं तर काय होईल, किती दिवस थांबता येईल" हे तीन प्रश्न विचारायला बायकांना शिकवा आणि डॉक्टरांना ते ऐकून घ्यायला शिकवा. कमिटीपेक्षा याचा फायदा आधी दिसेल.

आणि लोकांना काय कळतं त्याची उदाहरणं लांब शोधायला नकोत. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, त्यातून पुढे २००८ ला ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. बाहेरचा माणूस कचरावेचकांच्या आरोग्याचा विचार करतो तेव्हा जंताच्या गोळ्या, हातमोजे, कॅम्प एवढंच सुचतं. पण नागरिकांनी वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करून द्यावेत, ही मोहीम कचरा हाताळणाऱ्या बायकांच्या रोजच्या अनुभवातून आली. ती आरोग्याचीच गोष्ट आहे, फक्त तिचा निर्णय घराघरातल्या डस्टबिनपाशी होतो, दवाखान्यात नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं तेव्हा गावांनी आधी पाणी आणि धान्य मागितलं, त्यांनी तिथूनच सुरुवात केली आणि नंतर अक्षरओळख नसलेल्या, दलित बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं की दवाखान्याची भीती का वाटते, आणि मग दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला, नातेवाईकांना राहायला जागा ठेवली, नाव दंतेश्वरी देवीचं दिलं.

तृतीयपंथी समाजाबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी मुद्दाम लिहिते, कारण "आमच्या वस्तीत कोणी नाही" असं सगळेच सांगतात. २०१९ च्या कायद्याने त्यांच्याशी आरोग्यसेवेत भेदभाव करता येत नाही. प्रत्यक्षात एका दवाखान्यात आमच्या ओळखीच्या एक अम्मा तापाने थरथरत केस पेपरच्या खिडकीशी उभ्या होत्या आणि आतला माणूस कागदावरचं जुनं पुरुषाचं नाव मोठमोठ्याने पुकारत होता, रांगेतली सगळी माणसं वळून बघत होती. त्या तशाच परत फिरल्या. नंतर सहा जणींबरोबर बसून विचारलं की काय बदलायला हवं, मला वाटलं वेगळा वॉर्ड, वेगळी ओपीडी मागतील. त्या म्हणाल्या नाव पुकारू नका, नंबर पुकारा. बस. एका पैशाचा खर्च नाही. आम्ही जिथे जिथे हे लागू केलं तिथे गुप्तरोगाचे, टीबीचे, नवऱ्याने मारलेल्या बायकांचे, सगळ्याच पेशंटचे जीव हलके झाले.

शेवटचा मोठा मुद्दा, जो बहुतेक संस्था विसरतात. परत जाणं. लोकांनी सांगितलं, तुम्ही लिहून नेलं, पुढे काय झालं? महाराष्ट्रात २००७ पासून ग्रामीण भागात लोकाधारित देखरेख झाली, पुण्याचीच ‘साथी’ नावाची संस्था त्याचं समन्वयन करत होती आणि पुणे जिल्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत होता. त्यात गावकरी आपल्या आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असा रंग द्यायचे आणि मग जनसुनवाईत अधिकारी समोर बसून उत्तर द्यायचे. माझ्यासाठी त्यातला रंग महत्त्वाचा नाही, समोर बसून उत्तर देणं महत्त्वाचं आहे. याउलट पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना घेऊन बजेट करायला सुरुवात केली, कल्पना उत्तम, पण फॉर्म भरून कार्यालयात देणारा माणूस कोण असतो बघा. त्यातून फूटपाथ, बाकडी, दिवे जास्त आले. नाल्यापलीकडची बाई फॉर्म भरत नाही. तिच्याकडे कोणीतरी जावं लागतं आणि परत परत जावं लागतं.

आम्ही केंद्राच्या दारातच एक काळा फळा लावतो. तीन ओळी: तुम्ही काय म्हणालात, आम्ही काय केलं, काय केलं नाही आणि का. वाचता न येणाऱ्यांसाठी आशा ताई दर महिन्याला तो मोठ्याने वाचते. "केलं नाही" ही ओळ रिकामी ठेवायची नाही, कारण सगळंच केलं असं कधी होत नाही आणि लोकांना ते माहीत असतं. एकदा आम्ही लिहिलं होतं, रात्रीची नर्स मागितली होती, पैसे नाहीत म्हणून दिली नाही. कोणी चिडलं नाही. पुढच्या मीटिंगला दोन बायका उपाय घेऊन आल्या, रात्री बाळंतीण निघाली तर ज्याची रिक्षा वस्तीत उभी असते अशा तिघांचे नंबर त्यांनी स्वतः गोळा केले होते.

परिस्थितीप्रमाणे बदलेल अशा गोष्टी पटकन सांगते. वस्ती अघोषित (म्हणजे सरकारी यादीत नसलेली) असेल किंवा जागेवरून उठवण्याची टांगती तलवार असेल तर आरोग्याच्या आधी जागेचा विषय निघणारच, तो टाळू नका, ऐका, आणि तुमच्या हातात नाही हे स्पष्ट सांगा. स्थलांतरित मजुरांची साइट असेल तर माणसं सहा महिन्यांत बदलतात, तिथे कायमची कमिटी बनवण्यात अर्थ नाही, दर महिन्याला नव्याने विचारा. वस्तीत एखाद्या दादाचा वचक असेल तर त्याला डावलू नका पण त्याच्या घरी मीटिंगही घेऊ नका.

तुमच्या जागी मी असते तर चौथी मीटिंग बोलवलीच नसती. येत्या आठवड्यात साहेबांबरोबर बसून ते तीन रकाने करा. मग दुपारी दोनच्या सुमाराला, हातात फाइल न घेता, बायका कचरा निवडत बसतात त्या शेडमध्ये जाऊन बसा आणि एकच गोष्ट विचारा, दवाखान्याची वेळ. दुसऱ्या दिवशी नाल्याच्या बाजूला तोच प्रश्न. जे निघेल ते १५ दिवसांच्या आत करून दाखवा, आणि जमलं नाही तर जाऊन का ते सांगा. त्यानंतर दुसरा प्रश्न. चिंचोके मंडईत मिळतात, अर्धा किलो भरपूर होतात. बायकांची आणि पुरुषांची मोजणी वेगळी ठेवायला विसरू नका, आणि वेळ कुठली निघाली ते इथे नक्की लिहा.